वाफाभर मका

पावसाची पहिली झड बसली की महाराष्ट्रातल्या रस्त्यांच्या कडेला कोळशाच्या शेगड्या पेटतात. लोणावळ्याचा घाट असो, सिंहगडाची वाट असो किंवा मुंबईची चौपाटी असो, निखाऱ्यावर कणीस फिरत असते आणि मीठ-तिखट लावलेली लिंबाची फोड त्याच्यावर चोळली जात असते. विदर्भात याच कणसाला भुट्टा म्हणतात. हे पीक आपल्याकडे इतके रुळले आहे की ते मुळात परके आहे, असे सांगितले तरी पटत नाही. परंतु वस्तुस्थिती तशीच आहे. दक्षिण मेक्सिकोतल्या बाल्सास नदीच्या खोऱ्यात, सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी, टिओसिंट नावाच्या एका रानगवतापासून तिथल्या माणसांनी मका घडवला. १४९२ नंतर तो अमेरिकेबाहेर पडला आणि पोर्तुगिजांच्या जहाजांतून आपल्या किनाऱ्याला लागला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

या पिकाविषयी मला एक लहानसे मत मांडायचे आहे. ज्याच्या घरामागे चार हात मोकळी जमीन आहे त्याने त्यातला एक वाफा मक्याला द्यावा, असे ते मत होय. तुमच्यापैकी अनेकांनी शेतात राबून धान्य पिकवले असेल. त्यांना पुढचा मजकूर जुनाच वाटेल. तो त्यांनी माझी परीक्षा घेण्यासाठी वाचावा. मी व्यवसायाने शिक्षक. आयुष्यभर फळ्यावर परागीभवनाची आकृती काढली, पण मक्याचे एक रोपही लावले नव्हते. निवृत्तीनंतर साताऱ्याच्या कडेला घर बांधले, परसात थोडी जागा उरली, आणि मग हा उद्योग सुरू झाला.

शेती खात्यातून निवृत्त झालेल्या माझ्या एका स्नेह्यांना हे मत मुळीच मान्य नाही. त्यांचा हिशेब सरळ आहे. सहा फूट लांब आणि चार फूट रुंद वाफ्यात मक्याची वीस रोपे मावतात. मधुमक्याच्या एका रोपाला खाण्याजोगे कणीस बहुधा एकच येते. म्हणजे अडीच-तीन महिने जागा अडवून, भरपूर खत आणि पाणी घालून पदरात पडणार वीस कणसे! तेवढ्या जागेत मेथी, पालक, कोथिंबीर आलटून पालटून घेतली तर घरची भाजी निघते. "मका हे रानाचे पीक आहे, परसाचे नव्हे," असे ते म्हणतात. पैशाच्या दृष्टीने पाहिले तर त्यांचे म्हणणे खरे आहे आणि ते खोडून काढण्याचा मी प्रयत्न करणार नाही. माझे म्हणणे एवढेच, की मेथीची जुडी बाजारातून आणली काय आणि परसातून खुडली काय, चवीत थोडाच फरक पडतो. मधुमक्याचे तसे नाही.

मधुमका म्हणजे काय, हे आधी समजून घेतले पाहिजे. कोणत्याही मक्याच्या कोवळ्या दाण्यात प्रथम साखर येते. दाणा पक्व होत जाईल तसे रोप त्या साखरेचे पिष्ट, म्हणजे स्टार्च, बनवते आणि साठवून ठेवते. मधुमक्यात हे काम मध्येच अडखळते. त्याच्या पेशींतले एक जनुक आपले काम नीट करीत नाही, त्यामुळे साखरेचे पिष्ट होण्याची गती मंदावते आणि दाणा गोड राहतो. थोडक्यात, ज्याला आपण गुण मानतो तो रोपाच्या दृष्टीने एक दोष आहे. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातील जॉन लॉफनन यांनी असाच आणखी एक दोष हाताशी धरला. त्या जातीचे बी वाळल्यावर अगदी चेपून जाते, पण कोवळा दाणा नेहमीच्या मधुमक्यापेक्षाही गोड लागतो. आज बाजारात 'अमेरिकन मका' म्हणून जी कणसे मिळतात, रेल्वे स्थानकांवर कागदी पेल्यातून जे वाफवलेले दाणे विकले जातात, ते बहुतेक याच घराण्यातले. हा गोडवा बाहेरून टोचून घातलेला असतो किंवा हा मका जनुकांतरित असतो, असा समज पुष्कळ ठिकाणी ऐकू येतो. तो निराधार आहे. हे दोष निसर्गात आपोआप उत्पन्न झाले. माणसाने ते निवडून जोपासले, एवढेच. जनुकांतरित मक्याच्या व्यापारी लागवडीला भारतात परवानगीच नाही.

आता चवीचा मुद्दा. कणीस झाडावरून तोडले तरी त्यातली साखर-पिष्टाची घडामोड थांबत नाही. जुन्या पद्धतीच्या मधुमक्यात तर तीस अंश तापमानाला एका दिवसात निम्म्याहून अधिक साखर नाहीशी होते. म्हणून घरी मका लावणारे अमेरिकेतले लोक सांगतात, की आधी चुलीवर पाणी ठेवावे आणि मग कणीस तोडायला जावे. हे त्यांचे सांगणे पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला अतिशयोक्ती वाटली होती. एप्रिलच्या एका सकाळी परसातले कणीस तोडल्यावर दहाव्या मिनिटाला खाल्ले आणि माझे मत बदलले. अर्थात माझ्या स्नेह्यांनी येथेही मला अडवले. नव्या, अतिगोड जातींचा गोडवा थंड जागेत अनेक दिवस टिकतो, असे त्यांनी दाखवून दिले. तेही खरेच आहे. पण गोडवा टिकला तरी दाण्याची साल निबर होते, रस आटतो, आणि दाताखाली फुटताना जो ताजा दुधाळ वास येतो तो मुळीच टिकत नाही. या मुद्द्यावर मी माघार घ्यायला तयार नाही.

मात्र ती एप्रिलची सकाळ उगवायला मला दोन वर्षे लागली. पहिल्या वर्षी मी एक मोठी चूक केली, आणि ती चूक इतके लोक करतात की तिच्याविषयी सविस्तर लिहिले पाहिजे.

पहिल्या वर्षी मी कुंपणाच्या भिंतीलगत वीस रोपांची एकच रांग लावली. कुंपण शोभून दिसेल आणि मधली जागा मोकळी राहील, असा माझा विचार होता. जमीन भुसभुशीत केली, शेणखत घातले, वाफसा पाहून फेब्रुवारीच्या आरंभी बी टोकले. रोपे पुरुषभर उंच झाली. प्रत्येकाला कणीस धरले. येणारे-जाणारे कौतुक करू लागले. कणसे सोलली तेव्हा मात्र आमच्या घरात हशा पिकला. एका कणसावर दहा दाणे, दुसऱ्यावर पंधरा, मध्ये सगळे बोडके. दात पडलेल्या म्हातारीच्या बोळक्यासारखी ती कणसे दिसत होती. मी बियाण्याला दोष दिला, खताला दोष दिला. पलीकडच्या रानातले आबा कुंपणापाशी उभे राहून शांतपणे म्हणाले, "मास्तर, मका म्हंजे कळपातलं जनावर हाय. त्येला असा एकटा दावणीला बांधून कसं चालंल?"

ज्या आकृतीवर मी तीस वर्षे मुलांना गुण दिले होते, तिचा अर्थ मला त्या वाक्याने कळला. मक्याचा शेंड्यावरचा तुरा हे नरफूल. बगलेत येणारे कणीस हे मादीफूल. कणसाच्या टोकातून जे रेशमी केस बाहेर लोंबतात, त्यांतला प्रत्येक केस आत एकेका भावी दाण्याला जोडलेला असतो. जितके दाणे तितके केस. तुऱ्यातून झडलेला पराग एका केसावर पडला, त्या केसातून उतरत जवळजवळ एका दिवसाने तळाशी पोचला, की एक दाणा भरतो. ज्या केसाला पराग मिळाला नाही त्याची जागा रिकामी राहते. कणसाच्या बुडाकडच्या दाण्यांचे केस आधी बाहेर येतात आणि टोकाकडचे सर्वांत शेवटी. म्हणूनच चांगल्या कणसाचेही टोक पुष्कळदा भरलेले नसते. चारपाचशे दाण्यांच्या भरगच्च कणसात अशा चारपाचशे स्वतंत्र भेटी घडून आलेल्या असतात. (पुढच्या वेळी कणीस खाताना दाण्यांच्या उभ्या ओळी मोजून पाहा. त्या बारा, चौदा, सोळा अशा सम संख्येतच भरतील.)

या भेटी घडवतो वारा. मधमाश्या तुऱ्यावर पराग गोळा करायला येतात, पण केसांवर त्यांचे काही काम नसते. मक्याचा पराग जड असतो. एका तुऱ्यात तो लाखांनी असला तरी त्याचा फार मोठा भाग थोड्याच अंतरात खाली पडतो. एकच लांब रांग असेल तर जरा आडवा वारा सुटला की सगळा पराग भिंतीवर नाहीतर रस्त्यावर. तीच वीस रोपे चार ओळींत, पाच-पाच अशी चौकोनात लावली, तर कोठूनही वारा आला तरी एकाचा पराग दुसऱ्याच्या केसांवर पडतो. दोन ओळींत दीड फूट आणि दोन रोपांत दहा इंच, एवढे अंतर पुरते. गच्चीवर पिंपांत किंवा गोणीत लावायचे झाले तरी भांडी एकमेकांना खेटून ठेवावीत, आणि केस बाहेर आले की रोज सकाळी तुरे हळूच हलवावेत. उशीर करू नये. उन्हाच्या तडाख्यात परागाचे आयुष्य फार थोडे असते.

दुसऱ्या वर्षी चौकोन केला आणि वीसपैकी अठरा कणसे भरली. लागवडीचे बाकीचे तपशील अवघड नाहीत. दिवसातून सहा-सात तास ऊन हवे. चेपलेले बी अशक्त असते, त्याच्यात साठा कमी, म्हणून ते इंचभरापेक्षा खोल पुरू नये आणि थंडीत पेरू नये. उगवण सारखी होत नाही. आठ-दहा दिवसांत नांग्या भरून घ्याव्यात. रोप गुडघ्याएवढे झाले की बुडाशी मातीची भर घालावी, नाहीतर वळवाच्या वाऱ्यात ते आडवे होते. मका खादाड आहे. शेणखतावर एकदाच भागत नाही, भर घालताना पुन्हा गांडूळखत द्यावे लागते. तुरा आणि केस येण्याच्या पंधरवड्यात पाण्याचा ताण पडला, तर आधीची सारी मेहनत वाया जाते. केस बाहेर पडल्यापासून साधारण तीन आठवड्यांनी ते तपकिरी होऊन सुकतात. तेव्हा टोकाकडची पाने थोडी सोलून दाण्याला नख लावावे. दुधासारखा रस आला तर कणीस तयार. पाणी आले तर थांबावे. पिठूळ काही आले तर उशीर झाला.

शत्रूंविषयीही सांगितले पाहिजे. पोपट आणि खारी यांचा वाटा मी सोडून दिला आहे. लष्करी अळीचा मात्र सोडता येत नाही. अमेरिका खंडातली ही अळी २०१८ साली प्रथम कर्नाटकात आढळली आणि बघता बघता देशभरच्या मक्यात पसरली. ती पोंग्यात शिरून बसते आणि पानांना छिद्रे पाडते. मोठ्या शेतात तिच्यापुढे शेतकरी हतबल होतो. वीस रोपांच्या वाफ्यात मात्र रोज सकाळी प्रत्येक पोंगा डोळ्यांनी तपासता येतो, पानावरचा अंड्यांचा पुंजका बोटाने चिरडता येतो, निंबोळी अर्क फवारता येतो. पण त्या दहा मिनिटांच्या कामाला मी कंटाळलो तेव्हा आबांच्या दोन एकरांकडे पाहिले. बाजारात कणसाच्या भावावरून घासाघीस करण्याची माझी सवय त्या वर्षापासून सुटली. असा परिणाम प्रत्येकावर होईल असे मी म्हणत नाही. परंतु धान्य खाणाऱ्याने एकदा तरी धान्य उगवून पाहावे असे मला वाटते, त्याचे कारण हे आहे.

खरा वाद उत्पन्न झाला तिसऱ्या वर्षी, आणि तो बाहेर नव्हे, घरातच. माझ्या पत्नीचे माहेर इंदूरचे. तिकडच्या मराठी घरांतही भुट्ट्याचा किस होतो. कोवळे कणीस किसणीवर किसायचे, तुपात जिरे-मोहरी आणि हिरव्या मिरचीच्या फोडणीवर परतायचे, दूध घालून मंद आचेवर शिजवायचे. आमच्या वाफ्यातल्या मधुमक्याचा किस करून पाहिल्यावर ती म्हणाली, "अहो, याचा किस होत नाही, खीर होते. आबांच्या रानातला मका लावा." देशी मक्यात पिष्ट असते, त्यामुळे किस आळून येतो. निखाऱ्यावर भाजायलाही तोच बरा. मी शहाणपणाने दोघांचेही समाधान करायचे ठरवले आणि जूनमध्ये दोन ओळी मधुमक्याच्या आणि दोन ओळी देशी मक्याच्या लावल्या.

ऑगस्टमध्ये मधुमका खायला घेतला तर दर कणसात कितीतरी दाणे फुगीर, पिठूळ आणि बेचव. गोड आणि अगोड दाणे एकाच कणसात शेजारी शेजारी बसलेले! आंब्याच्या मोहोरावर कोणत्या झाडाचा पराग पडला यावर त्या आंब्याची चव ठरत नाही, कारण आंब्याचा गर हा आईच्या झाडाचाच भाग असतो. मक्यात आपण बीच खातो, आणि बी घडवण्यात बापाचा वाटा असतो. मधुमक्याचे जनुक काम करीत नाही. देशी पराग आला की तो काम करणारे जनुक बरोबर आणतो आणि त्याच दाण्यात, त्याच हंगामात साखरेचे पिष्ट होऊ लागते. यावर उपाय दोनच. दोन्ही मक्यांत निदान पाव किलोमीटर अंतर ठेवावे, किंवा पेरणीत तीन आठवड्यांचा फरक ठेवावा. परसात पाव किलोमीटर कोठून आणणार? आणि पावसाळ्यात कुंपणापलीकडे आबांचा देशी मका डोलत असताना माझ्या चार ओळींचे वेळापत्रक कोण विचारतो! (एकाच कणसावर रंगीबेरंगी दाणे का येतात, याचा वर्षानुवर्षे शोध घेऊन बार्बारा मॅक्लिंटॉक यांनी जागा बदलणारी जनुके शोधून काढली आणि त्यांना १९८३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. माझ्या वाट्याला केवळ बेचव कणसे आली.)

तेव्हापासून मी उन्हाळ्यात मधुमका आणि पावसाळ्यात देशी मका लावतो. परंतु पुढे पुढे यातही माझे मन देशीकडे अधिक झुकू लागले आहे, आणि त्याचे कारण बियाणे हे आहे. मधुमक्याचे जे बी दुकानात मिळते ते बहुतेक संकरित असते. ते ठेवून पुढच्या वर्षी पेरले तर आई-बापांचे गुण विखरून येतात, म्हणून दरवर्षी नवी पुडी घ्यावी लागते. हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी तयार केलेल्या 'माधुरी' आणि 'प्रिया' या मधुमक्याच्या संमिश्र जातींचे बी राखता येते. पण ते प्रत्येक गावच्या दुकानात मिळेलच असे नाही. संकरित बियाणे वाईट असे मी म्हणणार नाही. आपले पोट ज्या उत्पादनावर भरते त्यात त्याचा मोठा वाटा आहे. पण विरंगुळ्यासाठी लावलेल्या वाफ्यातही आपण दरवर्षी पुडीच विकत घ्यायची असेल, तर आपण मका लावला असे म्हणावे की भाड्याने आणला असे म्हणावे, हा प्रश्न मला पडतो.

म्हणून मी देशी मक्याची चार उत्तम कणसे झाडावरच वाळू दिली आणि त्यांचे बी राखले. दोन वर्षे असे केल्यावर रोपे खुजी दिसू लागली. मी पुस्तके चाळली, तेव्हा कळले की मक्याला जवळच्या नात्यातले लग्न सोसत नाही. वीस रोपांच्या वस्तीतून बी राखत गेले तर काही पिढ्यांत वाण क्षीण होतो. तो टिकवायला निदान शे-दोनशे रोपांचा गोतावळा लागतो. एकट्याच्या परसात ते होणे नाही. आबांच्या घराच्या आढ्याला बियाण्याची कणसे सालीची वेणी घालून टांगलेली असतात. खाली चूल असल्यामुळे त्यांना धूर लागतो आणि भुंगा लागत नाही. गेल्या वैशाखात मी माझी चार कणसे घेऊन तिथे गेलो. आबांनी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली, बुडाचे आणि शेंड्याचे दाणे काढून टाकले, मधले तेवढे आपल्या पाटीत टाकून हाताने ढवळले, आणि त्या ढिगातले ओंजळभर बी माझ्या पिशवीत घातले. मृगाचा पाऊस झाल्यावर आम्ही दोघांनी एकाच दिवशी पेरले. यंदा किसाला कणसे कमी पडली, तेव्हा पत्नीने मला कुंपणापलीकडे पाठवले.